लाईनीबाहेरचा बॉल आत कसा टाकायचा

कोल्हापूरच्या गांधी मैदानावर संध्याकाळी पोरं जमली की प्रत्येकाला बॉल पायात हवा असतो. शूट मारायला रांग लागते, फ्री किक कुणी घ्यायची यावरून भांडणं होतात. 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव इथलाच, त्यामुळं त्याचं नाव घेऊन फॉरवर्ड व्हायला येणारे रग्गड. बॉल लाईनीबाहेर गेला की मात्र सगळे एकमेकांची तोंडं बघतात. जो जवळ उभा असेल तो नाइलाजानं बॉल उचलतो आणि कसातरी आत भिरकावतो. निम्म्या वेळा तो समोरच्या टीमच्याच पायात पडतो.

पूर्ण वेळेच्या एका मॅचमध्ये दोन्ही बाजूंचे मिळून चाळीसएक थ्रो, म्हणजे बाहेर गेलेला बॉल हातानं आत टाकणं, सहज होतात. आपली पेठेतली मैदानं अरुंद, तिथं आणखी जास्त. खोटं वाटत असेल तर पुढच्या मॅचला काठावर बसून मोजा. एवढ्या वेळा बॉल हातात येतो, आणि तेवढा वेळ तरी कुणी पायात पाय घालायला येत नाही. नवख्या माणसाला याहून सोपी सुरुवात मैदानावर दुसरी नाही.

मीही कधीकाळी भिरकावणाऱ्यांतलाच होतो. नववीत असताना मोठ्या पोरांच्या टीममध्ये एक गडी कमी पडला म्हणून मला लेफ्ट बॅकला उभं केलं. बॉल पहिल्यांदा माझ्याकडं आला तो थ्रोसाठी. टाकला, शिट्टी वाजली, रेफरीचा हात उलट्या दिशेला. फाऊल थ्रो. दहा मिनिटांनी परत थ्रो, परत शिट्टी. तिसऱ्या वेळी कॅप्टननं माझ्या हातातून बॉल काढून घेतला आणि एक शब्द बोलला नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीतल्या वस्तादांनी हाक मारली. आयुष्यात फुटबॉलला पाय लावला नव्हता त्यांनी, पण तालमीच्या टीमची मॅच कधी चुकवायचे नाहीत.

"काल बॉल कशानं टाकत हुतास?"

"हातानं."

"तिथंच चुकतंय मर्दा. पायानं टाक."

आणि कोपऱ्यातला सगळ्यात हलका मुद्गल, म्हणजे व्यायामाला फिरवायचा जड लाकडी दांडा, माझ्या हातात दिला. मुद्गल डोक्यामागं नेऊन पुढं आणताना पायांनी जमीन धरली नाही तर माणूस स्वतःच भेलकांडतो. मी दोनदा भेलकांडलो. चौथ्या फेरीला कळलं, की जोर टाचेपासून निघतो, कमरेतून वर चढतो आणि हात फक्त शेवटी त्याला वाट दाखवतात. थ्रो तसाच टाकायचा. पुढं जे सांगतोय ते या एका गोष्टीभोवतीच फिरतं.

एक खुलासा आधीच करतो. मोबाईलवर 'फुटबॉल कसा फेकायचा' असं शोधलं की अमेरिकन लोकांचा लांबट, दोन्ही टोकांना निमुळता बॉल दिसतो, शिवणीवर बोटं ठेवून एका हातानं फिरवत फेकलेला. तो खेळ वेगळा. आपला बॉल गोल, आणि लाईनीवरून तो एका हातानं आत टाकलात की शिट्टी.

बॉल कोणता घ्यायचा

बारा वर्षांच्या आतल्या पोराला पाच नंबरचा बॉल देऊ नका. पाच नंबरचा घेर 68 ते 70 सेंटिमीटर आणि वजन 410 ते 450 ग्रॅम. चार नंबर त्याहून लहान, 350 ते 390 ग्रॅमचा. साठ ग्रॅमनं काय होतंय, असं वाटेल. पण बोटं घेराला पुरली नाहीत की पोर बॉल तळव्यात धरतं, आणि तळव्यातला बॉल सरळ सुटत नाही. ही सवय एकदा लागली की मोडायला फार वेळ जातो.

हवा किती भरायची ते बहुतेक बॉलवर छापलेलंच असतं, भरायच्या भोकाजवळ बघा. नियमात 0.6 ते 1.1 ॲटमॉस्फिअर चालतं, म्हणजे साधारण साडेआठ ते साडेपंधरा पीएसआय. दोन्ही अंगठ्यांनी दाबल्यावर किंचित दबला पाहिजे. दगडासारखा टणक बॉल तुमच्या हातातून निसटतो आणि घेणाऱ्याच्या छातीवरून चार हात लांब उडतो.

घरी आणलेल्या बॉलवर काळ्या मार्करनं मधोमध एक पट्टा मारून ठेवा, पृथ्वीच्या गोलावर विषुववृत्त असतं तसा. कशाला ते पुढं येईल.

नियम चार ओळींचा, अफवा चाळीस

फुटबॉलच्या नियमांत पंधरावा नियम थ्रोचा. बॉल सोडण्याच्या क्षणी तुमचं तोंड मैदानाकडं हवं. दोन्ही पायांचा थोडा तरी भाग लाईनीवर किंवा लाईनीबाहेर जमिनीला टेकलेला हवा. बॉल दोन्ही हातांनी, डोक्याच्या मागून आणि डोक्यावरून यायला हवा. आणि जिथून बाहेर गेला तिथूनच आत यायला हवा. झालं.

आता अफवा. टाच उचलली की फाऊल, असं छातीठोक सांगणारे प्रत्येक पेठेत आहेत. खोटं आहे. चवडा जमिनीवर असेल तर टाच कितीही उचला. लाईनीवर पाय पडला की फाऊल, हेही खोटं. लाईनीवर बिनधास्त उभं राहा. एवढंच काय, टाच लाईनीवर ठेवून बोटं आत गेलेली असली तरी नियमात बसतं, फक्त काठावरच्या लोकांना ते पटवताना घसा बसतो. बॉल हवेत फिरला म्हणून शिट्टी मारणारा रेफरीही मी बघितलाय. फिरकीबद्दल नियमात एक अक्षर नाही.

शिट्टी ज्यावर हमखास वाजते ती चूक एकच, मागचा पाय हवेत जाणं. माझं तेच होत होतं. जोर लावायच्या नादात अंग पुढं झोकलं जातं आणि मागचा पाय आपोआप उचलला जातो. टाकणाऱ्याला ते कळतसुद्धा नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात कुणालातरी मोबाईलवर तुमचे फक्त पाय शूट करायला सांगा. चेहरा नको, पाय.

दुसरी चूक बॉल डोक्यामागं न नेता कपाळापासूनच ढकलण्याची. घाईत असताना ही होते.

फाऊल थ्रो झाला की थ्रो समोरच्या टीमला जातो. पण बॉल मैदानात शिरलाच नाही, किंवा आत यायच्या आधी बाहेरच टप्पा पडला, तर तो तुमचाच राहतो आणि तिथूनच परत टाकायचा असतो. यावर भांडणं फार होतात, म्हणून लक्षात ठेवा. समोरचा खेळाडू तुमच्यापासून किमान 2 मीटर लांब हवा. अगदी तोंडासमोर येऊन हात नाचवत असेल तर भांडू नका, रेफरीकडं बघा आणि थांबा.

थ्रोवरून डायरेक्ट गोल होत नाही. बॉल कुणालाही न लागता त्यांच्या गोलात गेला तर त्यांना गोल किक, आपल्याच गोलात गेला तर त्यांना कॉर्नर. टाकल्यावर दुसऱ्या कुणाला लागल्याशिवाय स्वतः परत बॉलला पाय लावायचा नाही. आणि आपल्या गोलकीपरकडं थ्रो टाकला तर त्यानं तो पायानं खेळायचा, हातात घेतला तर समोरच्यांना इनडायरेक्ट फ्री किक मिळते, म्हणजे जिच्यावरून डायरेक्ट गोल होत नाही अशी. नवखा गोलकीपर इथं हमखास फसतो. त्याला मॅचआधी सांगून ठेवा.

दोन हातांची अट पहिल्यापासून नव्हती. 1863 मध्ये इंग्लंडात नियम लिहिले गेले तेव्हा बाहेर गेलेल्या बॉलला जो आधी हात लावेल त्याचा थ्रो, आणि तो लाईनीला काटकोनातच टाकायचा. एक हात की दोन, हा वाद पुढं चालत राहिला. 1882 मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडच्या संघटना एकत्र बसल्या आणि दोन्ही हातांचं ठरलं. त्या निर्णयामुळंच थ्रो खांद्याकडून पाठीकडं गेला. एका हातानं फेकताना खांदा राजा असतो, दोन हातांनी फेकताना कंबर.

पकड

बॉल जमिनीवर ठेवा. वाकून दोन्ही हातांनी मागच्या बाजूनं उचला. बोटं फाकलेली, दोन्ही अंगठे एकमेकांना जवळजवळ टेकलेले. मोठी परात दोन्ही हातांनी मागून पुढं सरकवताना पंजे उघडतात तसे. बॉल बोटांवर राहिला पाहिजे, तळव्याला जेमतेम शिवलेला. कोपरं बाहेर फाकू देऊ नका, पुढं बघणारी ठेवा.

बस्स, पकडीत याहून जास्त काही नाही. पावसाळ्यात बॉल ओला असेल तर जर्सीच्या पोटावर पुसून घ्या, आणि चिखलाची बाजू स्वतःकडं ठेवू नका.

पाय आणि पाठ

इथं वेळ घालवा. बाकी सगळं दोन दिवसांत येतं, याला महिना लागतो.

पहिले तीन-चार दिवस उभं राहून टाकूच नका. गुडघ्यांवर बसा, खाली जुनं पोतं किंवा सतरंजी घ्या. भिंतीपासून पाच पावलं अंतर. बॉल डोक्यामागं इतका न्या की मानेला हलका शिवेल. पोट आवळा, छाती वर, पाठीची किंचित कमान होऊ द्या आणि एकाच ओघात पुढं आणून सोडा. पाय बंद केल्यामुळं कंबर आणि पोट काय काम करतंय ते साफ कळतं. बॉल भिंतीवर तुमच्या छातीच्या उंचीला लागला पाहिजे. रोज वीस.

मग उभं राहा, पाय जोडून नाही, खांद्याएवढे फाकवून, दोन्ही एका रेषेत. गुडघे थोडे मोडलेले. आता तीच कमान, पण सुरुवात गुडघ्यांतून. बैठक मारून उठताना जोर जसा खालून वर येतो तसा. गुडघे सरळ होतात, कंबर पुढं येते, छाती, मग खांदे, मग कोपरं, सगळ्यात शेवटी मनगटं. क्रम हाच. हात आधी निघाले की बॉल वर जातो आणि तिथंच पायाशी पडतो. सोडायची जागा डोक्याच्या किंचित पुढं, बॉल कपाळावरून जाताना. उशिरा सोडलात तर जमिनीत आपटतो.

दोन्ही पाय एका रेषेत ठेवून टाकणं नवख्याला सगळ्यात सुरक्षित, कारण उचलायला मागचा पायच नसतो. पहिली मॅच या उभ्यानं खेळा. लांब जाणार नाही, पण शिट्टी वाजणार नाही.

त्यानंतर एक पाय पुढं, एक मागं. वजन आधी मागच्या पायावर, मग पुढच्या. यात मागच्या पायाचं काय करायचं हाच प्रश्न, आणि उत्तर असं की तो ओढायचा. चवडा जमिनीला घासत पुढं येऊ दे, उचलू नको. मातीवर त्याची एक रेघ उमटते. आमच्यात नवीन आलेल्या पोराचा थ्रो झाला की मी बॉल कुठं गेला ते बघत नाही, जमिनीवर रेघ आहे का ते बघतो. रेघ सलग असेल तर थ्रो बरोबर. मधेच तुटली असेल तर पाय तिथं हवेत होता. एकदा हे समजलं की पोरं आपसातच एकमेकांच्या रेघा तपासायला लागतात आणि माझं काम कमी होतं. याची किंमत बुटाला मोजावी लागते. मागच्या पायाच्या बुटाचं टोक झिजतं, आणि घरी बोलणी खावी लागतात.

धावत येऊन टाकणं सगळ्यात शेवटी. चार पावलं पुरेत. जास्त धावलं की जास्त लांब जातो हा भ्रम आहे, शेवटच्या पावलाला अंग थांबलं नाही तर धावण्याचा वेग बॉलमध्ये उतरतच नाही. पुढचा पाय खुंटासारखा रोवायचा, म्हणजे खालचं अंग थांबतं आणि वरचं सुटतं.

पट्टा काय सांगतो

उन्हाळ्याच्या सुट्टीत सहावीतली एक मुलगी यायला लागली. अंग चपळ, पाठ मस्त वाकायची, रेघ एकदम सलग. पण बॉल दरवेळी डावीकडं जायचा. समोर तिचा भाऊ उभा असायचा आणि तो वैतागून प्रत्येक वेळी दोन पावलं सरकायचा. तिला वाटत होतं नेम चुकतोय, म्हणून ती मुद्दाम उजवीकडं बघून टाकायला लागली. त्यानं आणखी घोळ झाला.

मार्करचा पट्टा अशा वेळी कामाला येतो. बॉल असा धरायचा की पट्टा उभा, दोन अंगठ्यांच्या मधून जाईल. दोन्ही हातांचा जोर सारखा असेल तर बॉल हवेत मागच्या मागं फिरतो आणि पट्टा एका जागी स्थिर उभ्या रेघेसारखा दिसतो. तिच्या बॉलवर तो भेलकांडत होता. उजवा हात जास्त ढकलत होता, डावा फक्त सोबतीला. तिला म्हटलं, "भाऊ राहू दे, पट्ट्याकडं बघ. पट्टा सरळ दिसेपर्यंत टाकत राहा." आणि डाव्या हाताला सवय व्हावी म्हणून जिन्यावरून पाण्याची बादली डाव्या हातानं न्यायला सांगितली. हा दुसरा सल्ला शास्त्रीय आहे का ते तिच्या आईनंही विचारलं होतं. मी म्हटलं, बादली तरी वर जाईल. दहा दिवसांनी पट्टा सरळ झाला, आणि भावाला सरकायचं कारण उरलं नाही.

मागच्या मागं फिरणारा बॉल हवेत थोडा जास्त तरंगतो, त्यामुळं लांबही जातो. म्हणजे पट्टा सरळ करण्यात दोन्ही फायदे.

कुठं टाकायचा

थ्रो तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आणि तरीही फुकट, असं रोज दिसतं. कारण टाकणारा बॉलकडं बघतो आणि घेणारे पुतळ्यासारखे उभे असतात. दोष निम्मा घेणाऱ्यांचा आहे, पण त्यांना हलवणं टाकणाऱ्याचं काम.

पायावर टाकताना घोट्यापासून गुडघ्याच्या खालपर्यंत, मधे टप्पा न पडता. गुडघ्याच्या उंचीला आलेला बॉल म्हणजे घेणाऱ्याची फजिती, पायानंही येत नाही आणि मांडीनंही नाही. घेणारा मोकळा असेल तर पायावर, पाठीशी कुणी चिकटलेलं असेल तर छातीवर किंवा डोक्यावर, म्हणजे तो एका स्पर्शात तुम्हालाच परत देऊ शकतो. यासाठी टाकल्याबरोबर लाईन ओलांडून आत यायचं. नवखे टाकतात आणि आपलं काम झालं म्हणून तिथंच उभं राहतात. त्या दोन सेकंदांत मैदानावर सगळ्यात मोकळा खेळाडू तुम्हीच असता, कारण समोरच्यांनी तुम्हाला मोजलेलंच नसतं.

घेणाऱ्यांसाठी साधी युक्ती अशी. दोघं जण एकमेकांच्या दिशेनं पळून ओलांडायचे, एक लाईनीकडं येतो, एक आत जातो. त्यांच्यामागचे दोघं क्षणभर गोंधळतात. तेवढा क्षण पुरतो. पळायच्या आधी टाकणाऱ्याशी नजर मिळाली पाहिजे, हात दाखवायची गरज नाही. हात दाखवला की तो समोरच्यालाही दिसतो.

आणखी एक गोष्ट फार कमी पोरांना माहीत असते. थ्रोवर ऑफसाईड, म्हणजे पास येताना समोरच्यांच्या बॅकच्या पुढं उभं राहिल्याची चूक, धरत नाहीत, 1920 पासून नाही. म्हणजे तुमचा फॉरवर्ड त्यांच्या शेवटच्या बॅकच्याही मागं जाऊन निवांत उभा राहू शकतो. शाहू स्टेडियमवर मोठ्या मॅचमध्येसुद्धा अशा वेळी गॅलरीतून "ऑफसाईड, ऑफसाईड" असा गलका उठतो. उठू दे.

स्वतःच्या गोलसमोरून आडवा थ्रो टाकू नका. कधीच नाही. आपल्या अर्ध्यात असाल आणि काही सुचत नसेल तर लाईनीला धरून पुढं टाका, गेला तर परत बाहेर जाईल, थ्रो त्यांचा, पण धोका टळला.

समोरच्याच्या पाठीवर हळूच बॉल मारून परत आपण घ्यायचा, अशी एक चलाखी आहे. नियमात बसते, फक्त बेपर्वाईनं किंवा जोरात मारायचा नाही. पहिल्या सीझनमध्ये हे धंदे करू नका. पेठेतल्या मॅचमध्ये त्याचा अर्थ भलताच घेतला जातो.

लांब थ्रोचा नाद

कधी ना कधी तो लागतोच. इंग्लंडमध्ये स्टोक सिटीकडून खेळणारा रोरी डेलाप शाळेत भालाफेक करायचा, आणि 2008 च्या सुमाराला त्याचा थ्रो म्हणजे समोरच्या टीमला कॉर्नरपेक्षा जास्त धास्ती असायची. बॉल वर न जाता सपाट, दोरीत ओवल्यासारखा पेनल्टी बॉक्समध्ये यायचा. डेन्मार्कच्या थॉमस ग्रोनेमार्कनं कोलांटी मारून 51.33 मीटर थ्रो टाकला होता. पुढं 2018 मध्ये लिव्हरपूलनं त्याला फक्त थ्रो शिकवायला ठेवलं. गंमत म्हणजे तिथं त्याचा भर लांब टाकण्यापेक्षा बॉल आपल्याच माणसाला मिळावा यावर जास्त होता. वस्तादांची आणि त्याची गाठ पडायला हवी होती.

कोलांटी नियमात चालते, पण त्याच वर्षीच्या विश्वचषकात स्पेनविरुद्ध शेवटच्या मिनिटाला इराणच्या मिलाद मोहम्मदीनं बॉलला ओठ टेकून कोलांटी मारली, उभा राहिला, आणि मग बॉल टाकायचा सोडून मागं जाऊन साधाच थ्रो घेतला. गोल काही झाला नाही. मेरी वेदर मैदानाच्या कडक जमिनीवर तुम्ही याच्या नादाला लागू नका.

लांब टाकण्यासाठी कोन महत्त्वाचा. विज्ञानाच्या पुस्तकात 45 अंश सगळ्यात लांब जातो असं असतं, पण थ्रोवर झालेल्या मोजमापांत सर्वोत्तम कोन 30 अंशांच्या आसपास निघाला. कारण माणसाचं अंग बॉलला वरच्या दिशेपेक्षा पुढच्या दिशेला जास्त वेग देऊ शकतं. म्हणून समोरच्या घराच्या गच्चीकडं नेम धरायचा सोडा, दरवाजाच्या वरच्या चौकटीकडं धरा.

ताकद वाढवायला मुद्गल आहे, तो वस्तादांच्या देखरेखीखालीच. जोर आणि बैठका तर आहेतच. वजनदार बॉल फेकायची हौस असेल तर मोठ्यांनी एक-दोन किलोच्या पुढं जाऊ नये, आणि लहान पोरांना तो देऊच नये. वाढत्या वयात पाठीची कमान जोरात आणि पुन्हा पुन्हा केली तर कमरेच्या मणक्यांवर ताण येतो. कंबर किंवा खांदा दुखायला लागला तर थ्रो बंद, दोन दिवसांत कमी झालं नाही तर डॉक्टर. तेल चोळून परत मैदानावर येणारे मी बघितलेत, त्यांचा पुढचा सीझन काठावर बसून गेला.

गोलकीपर असाल तर

तुम्हाला एक हात चालतो. जवळच्या बॅकला द्यायचा असेल तर खाली वाकून जमिनीवरून सरपटत सोडा, गोट्या खेळताना सोडतो तसा, टप्पा न पडता. लांब द्यायचा असेल तर बॉल पंजा आणि मनगटाच्या बेचक्यात धरून हात सरळ ठेवून वरून फिरवा. इराणचा अलीरझा बैरनवंद 2016 मध्ये दक्षिण कोरियाविरुद्ध हातानं 61 मीटर फेकून गेला, तो विक्रम गिनेस बुकात आहे. तुम्ही हाफ लाईनीपर्यंत आणा, पुष्कळ झालं. आणि बॉल कवटाळून बसू नका. नव्या नियमानुसार आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात ठेवला तर समोरच्यांना कॉर्नर मिळतो.

रोजचा हिशोब

आधी पाच मिनिटं हळू पळा, खांदे गोल फिरवा, कंबर दोन्ही बाजूंना. मग दहा थ्रो गुडघ्यांवर, दहा दोन्ही पाय एका रेषेत, दहा पाय ओढत. एवढेच तीस. शेवटचे पाच कुणीतरी समोर उभं असताना, त्यानं उजवा की डावा पाय पुढं केलाय ते बघून त्याच पायावर. समोर कुणी नसेल तर भिंतीवर खडूनं दोन पाय काढा. आमच्या बोळातल्या एका भिंतीवर असे चार जोड पाय आहेत. घरमालक आधी ओरडायचे, आता संध्याकाळी खुर्ची टाकून कुठल्या पायाला लागला ते सांगत बसतात.

पट्टा दहा-बारा दिवसांत घासून जातो. मार्कर बॅगेत ठेवा आणि परत मारा, पण आधी बॉल कोरडा करून घ्या, दवात मारलेला पट्टा हाताला लागतो आणि जर्सीलाही.